ठराव आधीच लिहून आलेला

आज पार्किंगमध्ये सोसायटीची वार्षिक सभा झाली. 30 सप्टेंबरची मुदत जवळ आली की आमच्या कमिटीला सभासद आठवतात. लाल खुर्च्या, चहा आणि प्रत्येकाला कागदाच्या पुडीत भडंग. भडंग झकास होती, खोटं का बोला.

समोरच्या फ्लॅटचे मालक, काका, पुण्याला राहतात. भाडेकरू ठेवलाय म्हणून त्यांच्याकडून ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला आकार) महिना 1500 घेतात. सेवा शुल्क, म्हणजे सोसायटीच्या देखभालीचं, आहे 1200. शासनाचा नियम सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नको असा, म्हणजे 120 रुपये! मी उठून विचारलं, तर चेअरमन म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? फ्लॅट तुमचा हाय का?" मग मी लेखापरीक्षित ताळेबंद मागितला. सहकार कायद्यानुसार तो बघायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, तोही फुकट. सेक्रेटरींचा चेहरा पडला. "आमच्यावर विश्वास न्हाई व्हय?"

बाकीचे सगळे भडंगातले शेंगदाणे वेचत बसलेले. जिन्यात भेटले की हेच लोक तावातावाने बोलतात.

शेवटी सहीसाठी वही फिरली. बघतो तर सगळे ठराव निळ्या शाईत आधीच लिहिलेले, खाली 'सर्वानुमते मंजूर'. सभा संपायच्या आत! मी सही केली आणि शेजारी 'ठराव क्र. 4 ला विरोध' असं ठळक लिहिलं. क्र. 4 म्हणजे तोच, ना-भोगवटा शुल्काचा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "लिहिलंसा ते बरं केलंसा. पण पाण्याचा वॉल्व्ह कुणाच्या हातात हाय, ठावं हाय न्हवं?"

बादल्या भरून ठेवल्यात.