काय लावलंस?

रत्नागिरीत गरवून, म्हणजे गळाने मासे धरून, परतणाऱ्या माणसाला "किती मिळाले?" असं सहसा कुणी विचारत नाही. किती ते पिशवीवरून कळतंच. विचारायचं ते "काय लावलंस?" म्हणजे गळाला आमिष कोणतं. त्याचं खरं उत्तर मिळणार नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. "कोळंबी, दुसरं काय," असं म्हणून माणूस पुढे निघतो आणि त्याच्या हाताला म्हाकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, वास येत असतो.

अशा गावात माझा भाचा कॅलिफोर्नियाहून मासे धरायची पेटी घेऊन आला. तिकडे तो सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या तळ्यांवर ट्राउट धरायला जातो. हे मासे तळ्यात जन्मलेले नसतात. सरकारी हॅचरीत वाढवायचे, टँकरमधून आणायचे आणि तळ्यात सोडायचे. मग लायसन्स काढून लोकांनी ते धरायचे. पेटीत कप्पेच कप्पे. पाण्यात गरगर फिरणाऱ्या पितळी पात्यांचे स्पिनर, पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्या, मोहरीएवढ्या शिशाच्या गोळ्या आणि काचेच्या डब्यांत भडक रंगांचं चकचकीत पीठ. एका डबीला लसणाचा असा वास, की बायकोने ती आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढायला लावली.

"मामा, हे पीठ तरंगतं," भाच्याने समजावलं. शिसं तळाला बसतं, पण ते भोकाचं असल्यामुळे दोरा त्यातून सरकतो. पुढे हातभर बारीक दोरा आणि टोकाला पिठाची गोळी लावलेली गरी, म्हणजे गळाचा आकडा. गोळी तळातल्या शेवाळात न रुतता वर उचलली जाते आणि तिथूनच ट्राउट फिरत असतो. पण त्याने पीठ का खावं? तर हॅचरीत तो खाद्याच्या गोळ्यांवरच वाढलेला असतो. तळ्यात सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो मेसवर वाढलेल्या पोरासारखा त्याच चवीच्या शोधात असतो. पुढे किडे, माश्या, बारके मासे खायला शिकला की पिठाचा मान कमी होतो आणि स्पिनर, गांडुळं पुढे येतात. म्हणजे मासे कधी सोडले ते आधी विचारायचं, पेटी नंतर उघडायची. हे मला फार पटलं.

आमच्या भाट्याच्या खाडीतल्या माशाला कुणी वाढवलेलं नाही, त्यामुळे त्याचे नखरे त्याचे स्वतःचे. जिताडा पुलाच्या खांबाआड दबा धरून बसतो. त्याला जिवंत कोळंबी लागते, तीही उड्या मारणारी. डोक्यातला काळा ठिपका सांभाळून गरी घालावी लागते, नाहीतर कोळंबी जागच्या जागी मरते. तांबोशीला बांगड्याचा किंवा तारलीचा तुकडा चालतो. म्हाकूल चिवट, गरीवरून लवकर सुटत नाही, म्हणून आळशी माणसांचं ते आवडतं. शिंगटी काहीही खाते, आणि काढताना काटा मारून हात ठणकवते ते वेगळंच. या सगळ्यांच्या आधी येतो केंड. त्याचे दात म्हणजे चोचच. कोळंबी कुरतडतो, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा कापतो, वर ओढलाच तर पोट फुगवून तुमच्याकडे बघत राहतो. खाता तर येत नाहीच, विषारी असतो.

भाच्याचा दोरा चार-सहा पौंडी, म्हणजे तेवढ्याच ओढीला टिकणारा. तिथलं पाणी गार आणि नितळ, जाड दोरा माशाला दिसतो. ते पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट कासावीस होतो. आमची खाडी पौषातसुद्धा त्याहून गरम. इथे पावसाळ्यात खाडी चहाच्या रंगाची असते, दोरा दिसण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न खांबांना चिकटलेल्या कालवांचा. त्यांच्या धारेवर बारीक दोरा एकदा घासला की संपला. म्हणून जाड तंगूस. गऱ्यांचे नंबर मात्र दोन्हीकडे सारखेच उफराटे. नंबर मोठा तितकी गरी लहान. त्याच्याकडे १० ते १४, त्या बघूनच आमचा जिताडा हसला असता.

शिशाचं वजन तर इथे तिथीवर ठरतं. भाच्याला हे सांगताना मला जरा चढल्यासारखं झालं, ते कबूल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी, हलकं शिसं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा हलकं शिसं टाकलंत तर ते पुलाखालून निघून कुठे जाईल सांगता येत नाही. पोराने मोबाईलवर भरतीचं कोष्टक काढून माझा हिशेब पडताळला. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. तेवढा चालतो.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेलो तेव्हा तिथले एक चाचा गरवत बसले होते. त्यांनी स्पिनर हातात घेऊन पाहिला, परत दिला. बारीक गऱ्या पाहिल्या. मग लसणाची डबी उघडून हुंगली आणि म्हणाले, "हे जिताड्याला कशाला दाखवतोस? बोयीला लाव."

मालवणाकडे जिला शेवटा म्हणतात ती ही बोय. शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक टिपणारी, तोंड एवढंसं. कोळंबीकडे सहसा ढुंकून बघत नाही, म्हणून तिला आमचे लोक कणकेची गोळी लावतात. बारीक गरी, बारीक दोरा, तरंगतं पीठ. जे आमच्या जिताड्याला हास्यास्पद, ते बोयीला अगदी मापाचं. भाच्याने शिसं काढून टाकलं, चिमूटभर पीठ लावलं आणि जेटीच्या आतल्या, संथ बाजूला सोडलं. बराच वेळ नुसते ठोसे बसत होते. मग एक बोय लागली, वीतभराची. त्याने फोटो काढेपर्यंत चाचांनी ती आमच्या पिशवीत टाकलीसुद्धा.

"आता जाताना ही डबी इथेच ठेवून जा," ते म्हणाले. "आणि मामाला सांग, कुणी विचारलं तर कणीक लावली म्हणायचं."