राजमाची, डिसेंबर आणि पंजातलं कुसळ

‘राजमाची सोपा आहे, कुत्रा आरामात येतो’ असं सगळे सांगतात. गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंत ते खरं आहे. त्यापुढे श्रीवर्धन या राजमाचीच्या बालेकिल्ल्याच्या उघड्या उतारावर, डिसेंबरात, ते साफ चुकीचं आहे. थंडी आणि बिबट्याबद्दल हजार जण बजावतात, कुसळी गवताबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. गडावरून उतरल्यावर एका लॅब्रेडॉरच्या अंगातून 23 कुसळं निघाली, त्यातली 9 बोटांच्या बेचक्यांत होती. सांगितलं असतं तर त्याला गावातच ठेवलं असतं.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी साधारण 15 किलोमीटर. रुंद वाट, चढ किरकोळ, बरीचशी सावली. सकाळी सहाला निघा आणि अकराच्या आत गावात पोचा, एवढंच. पाणी मात्र पाठीवर घ्या. वाटेतले ओढे डिसेंबरात आटत आलेले असतात, आणि जे डबकं उरतं त्यातलं पाणी कुत्र्याला पाजू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो. 25 किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन लिटर धरा. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाजा; एकदम भांडंभर दिलं तर उलटी होते.

आता कुसळ. पावसाळ्यात हिरवंगार, मऊ दिसणारं हेच गवत दिवाळीनंतर वाळतं आणि त्याचं बी सुटं होतं. बियाला सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले ताठ केस आणि मागे लांब, पिळलेली शेपटी. दव पडलं की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो. त्या फिरण्याने टोक गिरमिटासारखं आत जातं आणि केसांमुळे मागे येत नाही. आपल्या मोज्यात घुसलेलं कुसळ उलटं ओढून निघत नाही, तेच इथे कातडीत होतं. कुत्र्याला जाडजूड कपडा घातला की काम झालं असं समजू नका: विणलेल्या कापडातून कुसळ आरपार जातं आणि आत दडून राहतं. गुळगुळीत नायलॉनचं जॅकेट बरं, तेही फक्त पोट आणि काखेपुरतं कामाचं.

निघायच्या दोन दिवस आधी बोटांमधले केस बारीक कापा, कानाच्या पाळीच्या आतलेही. कुत्र्याला बूट हवेतच, पण फक्त गवताच्या टप्प्यात. 15 किलोमीटर घालून चालवलं तर घोट्यामागे कातडी सोलते. आठवडाभर आधी घरात घालून सवय करा, नाहीतर पहिल्याच दगडावर कुत्रा पाय झटकत उभा राहतो. चढताना लीश आखूड ठेवा, कुत्रा वाटेच्या मधोमध चालला पाहिजे. गवतात नाक खुपसून हुंगू द्यायचं नाही. वरच्या पाण्याच्या टाक्यांजवळही पट्टा सोडू नका; काठ सरळ तुटलेले आहेत, आत पडलेल्या कुत्र्याला पंजा रोवायला जागा मिळत नाही.

खाली आल्यावर पाणी, जेवण सगळं नंतर. आधी कुत्र्याला आडवं करा आणि हेडलॅम्प लावून प्रत्येक बोट फाकवून बघा. वरून काही दिसत नसेल तर अंगठा बेचक्यातून हळू फिरवा, राठ काडी लागते. टोकाशी चपट्या चिमट्याने धरा आणि ज्या कोनात घुसलंय त्याच कोनात सरळ ओढा. शेपटी धरून ओढलं की ती तुटते आणि टोक आत राहतं. मग काखा, जांघा, कानामागची जागा. गोचीडही याच वेळी सापडतात.

कुत्रा अचानक लागोपाठ शिंकायला लागला आणि एका नाकपुडीतून रक्त आलं तर कुसळ नाकात आहे. मान एका बाजूला कलती धरून डोकं झटकत असेल तर कानात. डोळा किलकिला करून पंजाने चोळत असेल तर डोळ्यात. या तिन्ही ठिकाणी चिमटा लावायचा नाही, कानात तेल ओतायचं नाही, त्याच दिवशी व्हेटकडे. आपल्याकडची कॉम्बिफ्लाम वगैरे अजिबात नको, आयब्युप्रोफेनने कुत्र्याची किडनी जाते. आणि ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका: काडी एक्स-रेत सहसा दिसत नाही. एखादा पंजा सतत चाटणं, दोन आठवड्यांनी बोटांत फुगलेली गाठ, तिच्यातून पाणी, हे सगळं आत राहिलेल्या टोकाचं लक्षण.

मुक्काम करायचा तर कुत्रा तंबूत किंवा खोलीत, बाहेर बांधून कधीच नाही. बिबट्याला बांधलेला कुत्रा आयता मिळतो. ज्या घरी उतरणार तिथे कुत्रा चालेल का, आणि त्याच्या भाताचे किती, हे फोनवरच ठरवा. आमच्याकडून आयत्या वेळी कुत्र्याचे माणसाइतकेच पैसे घेतले गेले.

कर्जतकडच्या कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरू नका. पुढच्या पायांवर सगळं वजन येतं, घसाऱ्यावर पंजाच्या गाद्या सोलतात, आणि कुत्रा थकला तर 25 किलो उचलून तो उतार उतरावा लागतो. आल्या वाटेनेच लोणावळ्याला परत या. गडावर न्यायचंच असेल तर वाटेकडेचं गवत कापून झालंय का हे गावात विचारा. नसेल झालं तर एकाने कुत्र्यापाशी उधेवाडीत थांबायचं.