सही तेवढी मारा की ओ

खानापूर तालुक्यातल्या एका भातगिरणीचं वायरिंग पुरं झालं होतं. थ्री-फेज कनेक्शनसाठी हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या कर्नाटकातल्या वीज कंपनीकडे, अर्ज द्यायचा आणि त्याला लायसन्सवाल्या कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडायचा, एवढंच बाकी होतं. काम मालकांच्या चंदगडकडच्या पाहुण्यानं केलेलं. त्याचं वायरमनचं परमिट खरं होतं, पण महाराष्ट्राचं. मी लायसन्सवाला कंत्राटदार, म्हणून मालक मला म्हणाले, "काम सगळं झालंय, तुम्ही सही तेवढी मारा की ओ."

नियमाला तीन माणसं लागतात: राज्य सरकारचा परवाना असलेला कंत्राटदार, सक्षमता प्रमाणपत्राचा सुपरवायझर आणि परमिटवाला वायरमन. परमिट राज्यानं दिलेलं किंवा मान्य केलेलं हवं. शिनोळीच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या, अलीकडं आलं की ते आपोआप चालत नाही. आणि अहवालावर सही म्हणजे काम माझ्या देखरेखीखाली झालं, आकडे मी मोजले, असं लिहून देणं. म्हणून मालकांना म्हटलं, आधी मोजू. जे उघडावं लागेल ते आमच्या माणसांकडून पुन्हा करून घेऊ. मग सही.

मेन बंद, एलईडी दिवे काढले, ५०० व्होल्टचा मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) एक मिनिट लावला. फेज आणि अर्थमध्ये किमान १ मेगओम, म्हणजे दहा लाख ओम, हवा. मोटरच्या लाइनला ०.२ आला. मोटर सोडवून मोजली तर ती ठणठणीत, म्हणजे दोष केबलमध्ये. जंक्शन बॉक्समध्ये पिळून नुसती टेप गुंडाळलेला जोड सापडला, त्यावर कोंड्याची धूळ आणि ओल. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तर सुई सरळ शून्यावर! बोर्डात दोन्ही तारा एकत्र बांधल्या होत्या. अर्थिंग 'दणकट' व्हावं म्हणून असं करणारे बरेच भेटतात. खांबाकडून येणारा न्यूट्रल तुटला की चालू दिव्यांतून करंट येऊन गिरणीतलं प्रत्येक लोखंड जिवंत होतं.

तारा सुट्या करून अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा खड्डा मोजला: १४० ओम. जांभ्यात पहार चालेना म्हणून पाइप मीटरभरच गेलेला. पाहुण्यानं घरच्या लाइनचा फेज आणि हा अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून अर्थिंग बघितलं होतं, बल्ब पेटला होता. पेटणारच! ६० वॅटच्या बल्बची तार तापल्यावर ९६० ओमची. त्यात १४० मिळवले तरी २४० पैकी २०९ व्होल्ट बल्बला मिळतात. नजरेला फरक कळत नाही. पण मोटरच्या बॉडीला फेज लागला तर १४० ओममधून दोन अँपिअरही वाहत नाहीत. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) तसाच उभा राहतो, आणि बॉडीवर जवळपास २४० व्होल्ट.

चाळीस मिलिमीटरचे, अडीच मीटर लांब जीआय पाइप घालून दोन नवे खड्डे घेतले, एकमेकांपासून पाच मीटरवर, मीठ-कोळसा भरून. मोटरच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थ पट्ट्या. आधी एकच तार होती. तिन्ही खड्डे जोडून २० ओम आले, तेही ऐन उन्हाळ्यात. पावसाळ्यात मोजणारा स्वतःलाच फसवतो. २० ओमलाही फॉल्ट करंट १२ अँपिअरच, एमसीबी पडत नाही. म्हणून अशा जमिनीत आरसीसीबीला (करंट जमिनीकडं गळू लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचला) पर्याय नाही: मोटरला १०० मिलिअँपिअर, दिवे-सॉकेटला ३०. मालकांना हा खर्च जड वाटला, पण त्यावर घासाघीस केली नाही.

डेंजर पाटी चंदगडहून आणलेली, नुसती मराठी. नियमात हिंदी किंवा इंग्रजी, आणि जोडीला जिल्ह्याची भाषा. म्हणजे इथं कन्नड. कवटी दोन्हीकडं एकच असते, तेवढी चालली.

जोड नवे झाल्यावर मेगर पुन्हा लावला, २० मेगओमच्या वर आला. तेव्हा अहवाल भरला. मालकांनी विचारलं, आता प्रत्येक बारीक कामाला परवानेवाला बोलवायचा काय? नाही. बल्ब, फ्यूज, पंखा, स्विच यांची अदलाबदल नियमानंच मोकळी ठेवली आहे, क्षमता किंवा रचना बदलत नसेल तोवर. मग पुढच्या सुगीला पॉलिशरसाठी पाच एचपीची मोटर वाढवायची आहे म्हणाले. त्याला लोड वाढवण्याचा वेगळा अर्ज, आणि सगळं मोजमाप पहिल्यापासून.