आमची वाटचाल : वीस थांब्यांवरून सातवर

लंडनच्या पश्चिमेला टर्नहॅम ग्रीन स्टेशनाबाहेर बेडफर्ड पार्क या जुन्या वसाहतीतली घरं दाखवणारी आमची पायी फेरी सुरू होते. स्टेशन 1869चं. त्याच्याच भरवशावर विकासक जोनाथन कार यांनी 1875 मध्ये शेजारची 24 एकर जमीन वसाहतीसाठी घेतली. सुरुवातीचे आराखडे वास्तुरचनाकार ई. डब्ल्यू. गॉडविन यांचे, 1877 पासून नॉर्मन शॉ यांचे.

पहिल्या वर्षी दोन तासांत 20 थांबे ठेवले होते. कागदावर थांब्याला सहा मिनिटं. पण 18 माणसं रस्ता ओलांडून एका जागी जमेपर्यंत त्यातली निम्मी संपायची. दहाव्या घरापाशी लोकांना सगळी घरं सारखीच दिसू लागायची. आता थांबे सात, माणसं 12, वेळ तेवढाच.

दुसरी चूक मोठी होती. फेरीच्या नावात ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ (हस्तकारागिरीला मान देणारी कला-चळवळ) असल्यामुळे आम्ही सगळ्याच घरांना ते लेबल लावायचो. जाणकार पाहुणे हरकत घ्यायचे, आणि ती रास्त होती. हे नावच 1887चं. कार यांची वसाहत त्याच्या बारा वर्षं आधीची. तिची शैली ‘क्वीन ॲन’ : लाल वीट, पांढरी लाकडी चौकट, भिंतीवर टांगलेली कौलं. (राणी ॲन 1714 मध्येच वारली. शैलीला तिचं नाव कसं, हे पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच.)

म्हणून आता पहिला मोठा थांबा 14, साउथ परेड. लाल घरांच्या रांगेत आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे वास्तुरचनाकार सी. एफ. ए. वॉयसी यांनी 1891 मध्ये बांधलेलं उंच, अरुंद, पांढरं घर. बाहेरून रफकास्ट, म्हणजे ओल्या मसाल्यातच खडी कालवून थापीने भिंतीवर फेकलेला गिलावा. पेबलडॅश वेगळा : त्यात ओल्या थरावर सुके खडे मारतात, त्यामुळे खडे उघडे दिसतात. रफकास्टमध्ये ते मसाल्याने माखलेले असतात. विटेच्या पातळ भिंतीला रफकास्ट पावसापासून जपतो आणि खर्चही वाचवतो. शेजारच्या लाल घरावर खर्च करताना हात आखडता घेतलेला दिसत नाही. दोन्ही एकत्र पाहिली की फरक आपोआप बोलतो.

पूर्वी हे घर शेवटी, भर दुपारी यायचं. ते दक्षिणमुखी, ऊन समोरून पडलं की गिलाव्याचा खडबडीतपणा सपाट दिसतो. सकाळी तिरप्या उन्हात प्रत्येक खड्याची सावली पडते. म्हणून आता दहाला निघतो. समोरच्या मैदानापलीकडून ट्यूब, म्हणजे लंडनची मेट्रो, जाते. ती जाईपर्यंत गप्प बसायचं, आवाज चढवायचा नाही.

लाल घरांवर दुरुस्तीच्या खुणा शोधायला लावतो. जुन्या चुन्याच्या सांध्यांत कोणी कडक सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून वाट काढते आणि थंडीत विटेचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत आणि वीट झिजलेली दिसली, तर कारण बहुधा हेच.

घरं खासगी आहेत. समोरच्या फुटपाथवरूनच पाहायचं, खिडकीकडे बोट दाखवायचं नाही.

शेवट 1880च्या टॅबर्ड पबमध्ये. तिथे विल्यम डी मॉर्गन आणि वॉल्टर क्रेन या कलाकारांच्या टाइल्स आहेत. क्रेन पुढे आर्ट्स अँड क्राफ्ट्स प्रदर्शन संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले, म्हणून फेरीच्या नावाचा खुलासा आम्ही इथवर राखून ठेवतो. टाइल्सना हात लावू नका हे मात्र दाराबाहेरच सांगावं लागतं. आत गेल्यावर कोणी ऐकत नाही.