शेपटाचा माणूस

राजगड-तोरणा-रायगड हा ट्रेक करायचा तर चार दिवस हवेत आणि बूट तरी नीट हवेत. माझ्याकडे दिवस होते.

बूट दिसायला ठणठणीत. पण तीन वर्षं माळ्यावर पडून त्यातला गोंद वाळला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिली रात्र राजगडावर, पद्मावतीच्या देवळात मजेत गेली. सकाळी संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडलो आणि तोरण्याची धार धरली. दुपारच्या उन्हात, बुधला माची समोर दिसत असताना उजव्या पायाचा सोल पुढून उघडला. चालताना पायात मगर घातल्यासारखं वाटायचं. पोरं हसली, मीही हसलो. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पोचेपर्यंत मात्र हसू आटलं होतं.

आमच्यात साठीचे एक काका होते. ते कायम सगळ्यांच्या मागे चालायचे. मला वाटायचं, वयामुळे. तिसऱ्या दिवशी मोहरी गावाच्या वाटेवर मीच मागे पडू लागलो, तेव्हा कळलं की ते मुद्दाम शेवटच्या माणसाच्या मागे राहतात. घाई कर म्हणाले नाहीत, की धीरही दिला नाही. फक्त अधूनमधून, "पाणी पी." त्याचाही नंतर राग यायला लागला.

मोहरीत ज्यांच्या घरी उतरलो, त्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढता वाढता बूट पाहिला. "ह्यावर नाळ उतरनार व्हय?" काकांनी सॅक उघडली. तळाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद पट्टे होते. एक पट्टा चवड्याभोवती, एक टाचेवरून घोट्याला तिढा देऊन. सुतळी दगडावर घासून तुटते, म्हणाले, रबर धरून ठेवतं.

बोराट्याची नाळ म्हणजे डोंगराच्या चिरेत ओतलेले धोंडे. काही घराएवढे, काही पाय ठेवताच हलणारे. पायाखालून सुटलेला दगड मागच्याला लागत नाही, खालच्याला लागतो; म्हणून दोघांत अंतर, नाहीतर अगदी चिकटून. मी अर्धी नाळ बसूनच उतरलो. पँटचं काय झालं ते विचारू नका. नाळ सोडून लिंगाणा सुळक्याच्या खिंडीकडे आडवं जाताना एका हाताला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे काका पहिल्यांदा माझ्या पुढे झाले आणि मी कुठे पाय ठेवायचा ते बोटाने दाखवत गेले.

पाने गावात पोचलो तेव्हा डावा सोलही सुटला. काळ नदीच्या पाण्यात पाय बुडवून बसलो, मग रायगड स्लिपरवर चढलो. रोपवेचं नाव कुणी काढलं नाही. मी काढणार होतो.

परतीच्या एसटीत काकांनी हात पुढे केला.

"ट्यूब दे."

"घाण झालीय, काका. धुऊन देतो."

"मी धुतो. तू विसरशील."