किटसोबतचा रेडिओ बदलताना

टूरिंग कार, टू-व्हील-ड्राइव्ह बग्गी आणि १/८ स्केलची नायट्रो (इंधनावर चालणारी) अशा रिमोट-कंट्रोलच्या तीन रेसिंग गाड्या जमल्यावर रेडी-टू-रन किटसोबत आलेल्या रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, भागेना. त्याला मॉडेल मेमरी, म्हणजे प्रत्येक गाडीचं सेटिंग वेगळं साठवण्याची सोय, नाही. गाडी बदलली की ट्रिम (गाडी सरळ धावावी म्हणून मध्याची बारीक दुरुस्ती), स्टिअरिंगची दोन्ही टोकं, ब्रेक, सगळं नव्याने लावत बसा. क्वालिफाइंग तोंडावर असताना ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गेला काही काळ स्पेक शीट वाचणं आणि ओळखीच्यांचे रेडिओ मागून दोन-चार लॅप मारून बघणं हाच उद्योग चाललाय. निवड झाली आहे, सेटिंग अजून सुरू आहे. कशावरून काय ठरवलं ते लिहून ठेवतो, म्हणजे याच विचारात असलेल्यांना उपयोग होईल.

पहिला हिशोब रिसीव्हरचा, म्हणजे गाडीत बसून हातातल्या ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या भागाचा, केला. २.४ गिगाहर्ट्झवर सगळेच चालतात, पण प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलची भाषा, ज्याचा त्याचा. सनवाचे एफएच३, एफएच४, एफएच५, फुटाबाचे एस-एफएचएसएस, टी-एफएचएसएस आणि एफ-४जी, स्पेक्ट्रमचा डीएसएमआर, फ्लायस्कायचे एएफएचडीएस २ए आणि ३. एकाचा रिसीव्हर दुसऱ्याच्या ट्रान्समीटरशी बाइंड होत नाही, म्हणजे जोडला जात नाही, आणि एकाच कंपनीतही जुन्या-नव्या पिढीचं जमेलच असं नाही. ट्रान्समीटर एकदाच घ्यायचा असतो, रिसीव्हर मात्र प्रत्येक गाडीला एक आणि पेटीत एक जादा. तीन गाड्यांना चार धरले तर स्वस्त वाटलेला ट्रान्समीटर महाग पडू शकतो, आणि उलटंही होतं. म्हणून ट्रान्समीटरच्या किमतीत चार रिसीव्हर मिळवून मगच आकडे शेजारी मांडले. यादीतली दोन नावं तिथेच गळाली.

आता लेटन्सी, म्हणजे ट्रान्समीटरचं चाक फिरवल्यापासून गाडीने ऐकेपर्यंतचा उशीर. यावर जितका वाद होतो तितका टायरवरसुद्धा होत नसेल. साध्या सर्व्होला (गाडीची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) सिग्नल जातो तो साधारण १ ते २ मिलिसेकंद रुंदीच्या पल्सचा, मध्य १.५ च्या आसपास, आणि जुन्या पद्धतीत ही पल्स दर २० मिलिसेकंदांनी एकदा. चाक फिरवलं त्या क्षणी नुकतीच एक पल्स जाऊन गेली असेल तर पुढची येईपर्यंत सर्व्होला पत्ताच नसतो. सरासरी १० मिलिसेकंद नुसती वाट बघण्यात जातात. ५० किमी वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात १४ सेंटीमीटर पुढे सरकलेली असते. एपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकाला, ठेवलेला डॉट चाटून जायचं की डॉटवरून उडायचं, हे ठरायला १४ सेंटीमीटर भरपूर झाले. नवे रेसिंग प्रोटोकॉल ही वाट खूपच कमी करतात, यात शंका नाही.

पण सर्व्होचं गणितही शेजारी मांडा. ६० अंशांना ०.१६ सेकंद घेणारा सर्व्हो २० अंश फिरायला ५३ मिलिसेकंद घेतो. ०.१० वाला ३३, ०.०६ वाला २०. म्हणजे किटमधला सर्व्हो बदलून ०.०६ चा टाकला तर ३३ मिलिसेकंद वाचले. एवढं रेडिओ बदलून मिळणं अवघड, कारण आधीची पल्सची वाटच सरासरी १० ची. (छापील वेग कोणत्या व्होल्टेजचा आहे तेही बघा. ७.४ व्होल्टचा आकडा ६ व्होल्टच्या बीईसीवर (सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागावर) मिळत नाही.) सर्व्हो जुनाच ठेवून ‘रेडिओ फास्ट हवा’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आधी सर्व्हो बदला, मग रेडिओकडे बघा.

हे घरी तपासताही येतं. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये ट्रान्समीटरचं चाक आणि सर्व्होचा हॉर्न (फिरणारी दांडी) दोन्ही एकाच चौकटीत घ्यायचे, चाकाला झटका द्यायचा आणि हॉर्न हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, त्यामुळे दोन महागड्या रेडिओंमधला फरक यात सापडणार नाही. किटचा रेडिओ आणि रेसिंगचा रेडिओ यातला सापडतो. मला त्याहून लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट. किटच्या रेडिओवर फ्रेमची संख्या दर झटक्याला वेगळी येत होती, चांगल्या रेडिओवर जवळजवळ तीच. थोडा उशीर हाताच्या अंगवळणी पडतो. कमी-जास्त होणारा उशीर पडत नाही. हेअरपिनला कधी आत, कधी बाहेर असं होत राहतं आणि आपण विनाकारण कॅम्बर (चाकांचा कल) बदलत बसतो.

एक इशारा इथेच देऊन टाकतो. सनवाचा एसएसआर किंवा फुटाबाचा एसआर हा वेगवान मोड त्या मोडला चालणाऱ्या सर्व्होलाच द्यायचा. ॲनालॉग सर्व्होला दिला तर तो कुरकुरतो, तापतो आणि शेवटी जळतो. मोड चॅनलनिहाय, म्हणजे प्रत्येक सर्व्होला वेगळा, बदलता येतो, तेव्हा स्टिअरिंगला वेगवान आणि बाकीच्यांना साधा असं ठेवायला काहीच हरकत नाही.

एवढं करून कागदावर चार नावं उरली. पुढचं सगळं हाताने ठरवलं, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय हाताचाच असतो.

रेडिओ सेल घालूनच हातात घ्या. रिकामा रेडिओ सगळ्यांनाच हलका वाटतो. चार एए सेल हँडलच्या तळाला बसले की तोल खाली जातो. तिथेच २एस लायपो (दोन सेलची बॅटरी) घातला तर वेगळा लागतो. पाच मिनिटांच्या हीटला जाणवणार नाही, पण नायट्रोच्या लांबलचक मेनमध्ये (अंतिम रेसमध्ये) मनगट बोलायला लागतं. मग ट्रिगर. तर्जनीचं पेर कुठे टेकतं, ब्रेकसाठी बोट पुढे ढकलताना नखाची बाजू कडेला घासते का, पूर्ण थ्रॉटलला बोट तळहाताला भिडतं का, हे बघा. काही रेडिओंवर ट्रिगरचा कोन आणि अंतर हलवता येतं. लहान हातांना हे मेनूतल्या कुठल्याही सोयीपेक्षा जास्त कामाचं. चाकाच्या स्प्रिंगचा ताण बदलता येतो का, चाक खाली-पुढे घेण्याचा तुकडा मिळतो का, डावखुऱ्यांसाठी बाजू बदलता येते का, तेही विचारून घ्या. मला चाक थोडं खाली आणि स्प्रिंग जरा कडक लागते. स्प्रिंग मऊ असली की सरळ रेषेतसुद्धा हाताची थरथर गाडीपर्यंत पोचते.

वापरलेला रेडिओ घेणार असाल तर एक तपासणी चुकवू नका. मेनूत सर्व्हो मॉनिटरचं पान उघडायचं. चाक सावकाश उजवीकडे न्यायचं, सावकाशच मध्यावर येऊ द्यायचं, आकडा बघायचा. मग तेच डावीकडून. दोन्ही वेळा शून्य आलं तर उत्तम. माझ्याकडे बघायला आलेल्या एका रेडिओत उजवीकडून परतताना ३ आणि डावीकडून परतताना उणे २ यायचे, आणि चाकाला हातही न लावता आकडा अधूनमधून थरथरायचा. चाकाची जागा मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजल्याची ही लक्षणं. असा रेडिओ घेतला की दर वळणानंतर गाडी सरळ धावत नाही आणि मालक ट्रिम टिचकवत राहतो. चुंबकाने जागा मोजणाऱ्या हॉल सेन्सरवाल्या रेडिओत अशी झीज नसते, कारण तिथे काही घासतच नाही.

स्क्रीन, रंग, टच, आवाज यांना मी शेवटी ठेवलं. टेलिमेट्री, म्हणजे गाडीकडून स्क्रीनवर येणारी माहिती, इलेक्ट्रिक गाडीत मला लागत नाही. नायट्रोत इंजिनचं तापमान बघायला उपयोग आहे, पण रेसमध्ये स्क्रीनकडे बघायला डोळे मोकळे कुणाचे असतात? मात्र अंगठ्याखाली ड्युअल रेटचं (स्टिअरिंग किती वळावं ते कमी-जास्त करणारं) बटण किंवा डायल हवंच. मेनच्या उत्तरार्धात टायर गेले की स्टिअरिंग दोन-चार टक्क्यांनी वाढवावं लागतं आणि तेही नजर गाडीवरून न हलवता.

चाकाऐवजी दांड्यांनी चालवणाऱ्या स्टिकवाल्यांनी रागावू नये. सनवाच्या एक्झेससारखे खास गाड्यांसाठीचे स्टिक रेडिओ आहेत आणि त्यावर जबरदस्त चालवणारेही आहेत. माझा हात चाकावर बसलाय, एवढंच. एक मात्र सांगतो, कुणी जुना, क्रिस्टलने वारंवारता ठरणारा रेडिओ ‘नवशिक्याला चालेल’ म्हणून देऊ केला तर शोकेसमध्ये ठेवा. २७ मेगाहर्ट्झवर तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे वारंवारतांचे सहा रंग, आणि त्याच रंगाचा दुसरा कुणी चालू झाला की तुमची गाडी भिंतीत. रेसच्या आधी क्रिस्टल अदलाबदल करण्याची दगदग २.४ गिगाहर्ट्झने संपवली, ती पुन्हा कशाला ओढवून घ्यायची?

शेवटी सनवा एमटी-४४ घेतला. एफएच५ नाही, एफएच४ आहे. माझ्या सर्व्होंवर मला त्याने फरक पडेल असं वाटलं नाही. हाताला बसला, एए सेलवर चालतो, आणि ट्रॅकवर दोघा-तिघांकडे त्याचेच रिसीव्हर असल्याने अडीनडीला उसना मिळतो. हे शेवटचं कारण कुठल्याच स्पेक शीटवर नसतं.

बसवतानाच्या दोन गोष्टी. रिसीव्हरच्या अँटेनाचं टोकाचं ३ सेंटीमीटर उघडं असतं, २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी तेवढीच, आणि खरं काम तेच करतं. ते कापायचं नाही, दुमडायचं नाही, कार्बनच्या चेसिसला चिकटवायचं नाही. नळीतून उभं वर काढायचं. दुसरं, नवा रेडिओ म्हणजे ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन नव्याने करायचंच. फुटाबावाल्यांना त्याआधी बहुतेक वेळा थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करावं लागतं, नाहीतर थ्रॉटलसाठी ट्रिगर ओढला की ब्रेक लागतो.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय, मी गाडी स्टँडवर, चाकं हवेत ठेवून तपासला. थोडा थ्रॉटल देऊन ट्रान्समीटर बंद केला, मोटर लगेच थांबली. नायट्रोत थ्रॉटल बंद होऊन भागत नाही, सर्व्होने ब्रेकही ओढला पाहिजे, तेव्हा तिथे फेलसेफची जागा ब्रेकच्या बाजूला नेऊन सेव्ह करायची.

टूरिंग कारवर सध्या स्टिअरिंगचं ईपीए (टोकाला किती वळायचं त्याची मर्यादा) डावीकडे ९२, उजवीकडे ८८. आकडे सारखे नाहीत म्हणून बिचकू नका. गाडी सावकाश दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल मारला, टेपने व्यास मोजला आणि दोन्ही व्यास जुळेपर्यंत आकडे हलवले. मोजायचं ते जमिनीवर. टोकाला सर्व्हो गुरगुरत असेल तर आकडा आणखी खाली. एक्स्पो (चाकाचा मधला भाग किती मऊ किंवा तिखट) उणे १०. काही कंपन्यांत उणे आकडा मधला भाग मऊ करतो, काहींत अधिक. दुसऱ्याचं सेटिंग उतरवून घेताना हे आधी बघा. स्टिअरिंग स्पीड वळताना थोडा कमी केलाय, मध्यावर परतताना पूर्ण ठेवलाय. कार्पेटवर ग्रिप चढली की गाडी बाहेरच्या चाकांवर उलटायची, ते यामुळे बरंच आटोक्यात आलं. एक्स्पो वाढवूनही बघितलं होतं, पण त्याने मधली धार जाते आणि पूर्ण लॉकला गाडी तितकीच झपकन आत येते.

बग्गी बाइंड झाली आहे, तिचे आकडे अजून विश्वासाचे नाहीत. नायट्रोचा रिसीव्हर यायचाय. तिथे ब्रेकचं एबीएस, म्हणजे ब्रेक सलग न दाबता पल्समध्ये लावणं, लावून बघायचंय. कुणी १/८ वर वापरत असाल तर पल्स किती टक्क्यांवर सुरू करता आणि ब्रेकचं ईपीए आधी कमी करता की नंतर, ते कळवा.