विटांमागचा डबा

फायरप्लेसची काचेची दारं आणि जाळ्या मापाबरहुकूम बनवून बसवायचं माझं काम. फोनवर लोक आधी रंगाचं विचारतात. मॅट काळा मिळेल का, पितळी फिनिश कसं दिसेल, हँडल गोल घ्यावं की चपटं. मी विचारतो, फायरप्लेस कसली आहे? "विटांची," असं ठरलेलं उत्तर येतं. ज्या घराबद्दल लिहितोय तिथूनही तेच आलं, आणि आत शिरल्यावर दिसलंही तसंच. जमिनीपासून छतापर्यंत लाल विटा, मधे फायरप्लेसचं तोंड, वर जाडजूड लाकडी फळी.

काका-काकूंनी निवृत्तीनंतर ते घर विकत घेतलेलं. नातू नुकता रांगायला लागला होता, म्हणून दारांची घाई. जावयाने चित्रही काढून ठेवलं होतं: रुंद काळी फ्रेम, त्यात काचेचे दोन पल्ले. "आणि वरच्या-खालच्या या फटी तेवढ्या फ्रेमखाली झाकून टाका हो," काकू म्हणाल्या, "फार खुपतात डोळ्यांत."

तोंडाच्या वर आणि खाली पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या होत्या. त्या बघूनच मनात पाल चुकचुकली. पण विटांच्या काही जुन्या फायरप्लेसमध्येही खोलीत गरम हवा खेळवायला अशा जाळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून लगेच काही बोललो नाही. टेप काढला. रुंदी वर, मधे आणि खाली घ्यायची, उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे, मग दोन्ही कर्ण. दार तोंडाच्या आत बसवायचं असेल तर यातलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातूनही थोडी जागा सोडायची, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. हाताने बांधलेल्या विटकामात ही मापं कधीच जुळत नाहीत. दोन-चार मिलिमीटर तरी इकडेतिकडे असतातच. इथे रुंदी तिन्ही ठिकाणी एकच, उंची एकच आणि कर्णसुद्धा सारखे! गवंडी कितीही कसबी असो, इतकं अचूक काटकोनात कुणी बांधत नाही.

आतल्या 'विटां'वर बोटाने टकटक केली. पोकळ आवाज आला. त्या विटा नव्हत्याच. वर विटांच्या रेघा पाडलेला, उष्णतारोधक मिश्रणाचा ओतीव पातळ पाट होता आणि कोपऱ्यात दोन पाटांमधला सांधा सरळ दिसत होता. बॅटरी वर मारली तर धुरांड्याच्या जागी पत्र्याचा गोल पाइप. खालच्या पट्ट्या उचलल्यावर आत रिबिट मारलेली धातूची पाटी सापडली. तिच्यावर मॉडेल नंबर होता आणि हवेच्या वाटा बंद करू नका, अशी सूचना.

म्हणजे हा कारखान्यात बनलेला पत्र्याचा डबा. भोवती लाकडी सांगाडा उभा करून त्यात तो बसवलेला आणि समोरून शोभेला विटा चिकटवलेल्या. अशा डब्याच्या मागे टनभर विटकाम नसतं. तो थंड राहतो फक्त हवेवर. खालच्या फटीतून हवा आत शिरते, डब्याच्या पाठीमागून फिरते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते. काकूंना खुपणाऱ्या फटी त्या याच.

"इतकी वर्षं चाललंय की," काका म्हणाले. खरं आहे, पण यात 'इतकी वर्षं' हीच अडचण असते. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतं. वर्षानुवर्षं धग खाल्लेलं लाकूड मात्र आतून बदलत जातं आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही पेटू शकतं.

हे सांगत वरच्या पट्ट्या सोडवल्या आणि माझे शब्द तोंडातच राहिले. आत कुणीतरी काचलोकरीचा पट्टा ठासून भरला होता. थंडीत तिथून गार हवा येते म्हणून आधीच्या कुणीतरी केलेला उपाय असावा. तो ओढून काढला, आरसा आत धरला आणि काकांना बोलावलं. डब्यावरच्या आडव्या लाकडाची खालची कड गडद तपकिरी, मधे हातभर तर काळी. नख लावलं तर भुगा सुटला. काका बराच वेळ आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "आज संध्याकाळी पेटवणार होतो."

दारांचा विषय तिथेच थांबवला. धुरांडी तपासणाऱ्या माणसाने सगळं बघितल्याशिवाय काडीही ओढायची नाही, असं सांगितलं. त्याने पुढे समोरच्या विटा काढायला लावल्या, आडवं लाकूड आणि सांगाड्याचा एक उभा वासा बदलून घेतला आणि डब्याभोवतीची मोकळी जागा पाटीवर लिहिल्याप्रमाणे करून घेतली.

मधल्या काळात जावयाचा फोन. "सिरॅमिक काच लावली तर? ती सातशे अंश सोसते ना?" पोराने अभ्यास केला होता. टफन्ड काच अडीचशेच्या आसपास हात टेकते, म्हणून ती लावली असेल तर जाळ भरात असताना दारं उघडी ठेवायची आणि ठिणग्यांसाठी फक्त जाळी ओढायची. निखारे उरले की दारं लावायची, नाहीतर खोलीतली ऊब रात्रभर धुरांड्यातून निघून जाते. सिरॅमिक काच तापली तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून ती बंद दारामागेही टिकते. (या जातीची काच अपघाताने सापडली. १९५३ मध्ये काच-संशोधक डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० अंशांवर थांबायची ती ९०० पर्यंत गेली. काचेचा लगदा झाला असेल असं त्यांना वाटलं, पण निघालेला तुकडा चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला तरी फुटला नाही. पारदर्शक प्रकार नंतर आले.) पण इथे प्रश्न काचेचा नव्हताच. काच टिकली तरी बंद दारामुळे डबा जास्त तापणार, आणि त्या डब्याची चाचणी ज्या दारांसह झालेली नाही ती त्याला लावायची नाहीत. पाटीवरच्या नंबरावरून कंपनीने त्या मॉडेलसाठी तपासलेली दारं मागवायला सांगितली. ती तोंडाच्या आत बसतात, फटी मोकळ्या राहतात.

राहिला नातू. कुठलीही काच असो, विस्तव विझल्यावरही ती बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते, आणि रांगणारं पोर चमकणाऱ्या वस्तूकडेच जातं. त्याच्यासाठी मी तीन बाजूंची उभी जाळी बनवली. काचेपासून हातभर पुढे, दोन्ही टोकं भिंतीला आकड्यांनी अडकवलेली, धरून उभं राहिलं तरी न कलंडणारी. घरात माझ्या हातचं लागलं ते एवढंच.

जाळी बसवून निघताना काकूंनी विचारलं, खालच्या फटीपुढे सरपणाची वेताची टोपली ठेवली तर चालेल ना, म्हणजे फट दिसणार नाही. चालणार नाही म्हणालो.